बटण एकदाच दाबायचं

परवा एका दवाखान्यात लिफ्टची वाट बघत उभी होते. शेजारचे गृहस्थ बटण दाबत होते. दाबत होते म्हणजे अक्षरशः टोचत होते. थांबायचे, वर आकड्यांकडे बघायचे आणि पुन्हा टोचायचे. माझ्या तोंडून निघून गेलं, "एकदा सांगितलेलं कळतं हो तिला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच दोन पावलं लांब सरकले. ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. पनवेलला आमच्या बिल्डिंगमधले लोक घरत बाईंकडे अशाच नजरेनं बघायचे. वाक्यही अर्थात बाईंचंच होतं.

प्रमिला घरत प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, आणि निवृत्त झाल्यावरही सगळ्या गावाच्या 'बाई'च राहिल्या. ठेंगणा बांधा, घट्ट अंबाडा, पायात रबरी तळव्याच्या सँडल आणि खांद्याला नेहमी एक पर्स. मूळच्या उलव्याकडच्या. शाळेनं त्यांची भाषा घासूनपुसून घेतली होती, पण राग आला किंवा फार आनंद झाला की गावची बोली उसळून वर यायची. आमची बिल्डिंग तळ्याजवळची, जुनी, तळमजला धरून पाच मजल्यांची आणि बिनलिफ्टची. बाई राहायच्या तळमजल्यावर आणि त्यांना नाद होता लिफ्टचा.

नाद म्हणजे साधासुधा नव्हे. लोक सुट्टीत गड बघतात, देवळं बघतात, तशा बाई लिफ्ट बघत. कुठल्या इमारतीत नवी लिफ्ट बसली हे त्यांना रिक्षावाल्यांच्या आधी कळायचं. मग एखाद्या सकाळी पर्स खांद्याला लावून, घरत काकांना बरोबर घेऊन, बाई निघायच्या. काका बंदरातून निवृत्त झालेले, मितभाषी. त्यांना उंचीवर गेलं की गरगरायचं, म्हणून ते खाली वॉचमनच्या खुर्चीवर पेपर वाचत बसायचे. बाई वर जायच्या, खाली यायच्या, परत वर जायच्या. परतताना काका विचारायचे, "कशी होती?" आणि बाई सून बघून आल्यासारखं सविस्तर सांगायच्या. निघताना अंग चोरते, थांबताना मात्र छान टेकते, आवाज थोडा बसका आहे.

लिफ्टमध्ये उभं राहायची त्यांची एक तऱ्हा होती. सगळं जग दाराकडे तोंड करून उभं राहतं, बाई भिंतीकडे तोंड करायच्या. उजव्या हाताचा तळवा भिंतीला लावायचा आणि डोळे मिटायचे. अनोळखी माणसाला वाटायचं, बाईंना चक्कर येतेय. कोणी पाणीबिणी विचारलं तर न वळता म्हणायच्या, "मी ठीक आहे. ऐकते आहे." त्यांचे नियमही होते. बटण एकदाच दाबायचं. दार धरून ठेवून कोणाशी गप्पा मारायच्या नाहीत. लिफ्ट अडवणं म्हणजे चालत्या माणसाचा पदर धरण्यासारखं, असं त्या म्हणत. मला लिफ्टची भीती वाटते हे कळल्यावर त्यांनी मला एकदा कळंबोलीला नेऊन तासभर वर-खाली फिरवलं. माझी भीती गेली नाही, पण ती भीती कोणत्या आवाजाची आहे ते मात्र मला कळलं.

हे सगळं सुरू कधी झालं, असं मी विचारलं होतं. लहानपणी मोठ्या बहिणीला मुंबईच्या इस्पितळात ठेवलं होतं. तिथे खाकी कपड्यातला लिफ्टमन स्टुलावर बसून पितळी दांडी फिरवायचा. बहिणीला भेटायला तास ठरलेला होता, पण लिफ्टमनला भेटायला नव्हता. त्यानं एकदा दांडीवर हात ठेवू दिला. "आख्खी खोली माज्या हातानं वर गेली," बाई सांगायच्या. बास, एवढंच. नादाला याहून मोठं कारण लागत नाही.

त्या वर्षांत पनवेलच्या चारही बाजूंनी इमारती उगवत होत्या. कामोठे, खारघर, पुढे उलवे. विमानतळाचं नाव निघालं आणि उलव्यात बाईंच्या माहेरच्या शेतांवर टॉवर उभे राहिले. गावातल्या बायका जमिनी गेल्याचं बोलायच्या. बाईंनाही ते लागायचं. जिथे भात लावला तिथे आता काय आहे, हे बघायला त्या गेल्या आणि येताना म्हणाल्या, "वाईट वाटलं ग. पण लिफ्ट चांगली हाय."

नव्या इमारतीत शिरायचं तर सेल्स ऑफिसातून जावं लागायचं. तिथली टाय लावलेली मुलं सॅम्पल फ्लॅट दाखवायची, डोंगराचा व्ह्यू दाखवायची, आणि बाई विचारायच्या, "मशीन वर ठेवलंय की खाली?" अशा ठिकाणी त्यांना अपराधी वाटायचं, कारण सरबत फुकट मिळायचं. शेवटी एकदा खारघरला त्यांनी ठरवून खरं सांगितलं. "हे बघ बाळा, मला फ्लॅट घ्यायचा नाही. तुमची लिफ्ट तेवढी बघायची आहे." मुलगा हसला, आत गेला आणि साहेबांना घेऊन आला. साहेब म्हणाले, "मॅडम, कळलं आम्हाला. पार्किंग फ्री देतो." बाईंनी पुन्हा सांगितलं, खरंच नकोय. साहेबांनी मॉड्युलर किचन जोडलं. बाई जितक्या प्रामाणिकपणे नाही म्हणत होत्या तितका सौदा गोड होत चालला होता. घाबरून त्या काकांचा हात धरून पळत बाहेर आल्या. पुढे कितीतरी महिने त्या ऑफिसातून फोन यायचे आणि काका शांतपणे सांगायचे, "अजून लिफ्टचं ठरत नाहीये."

मुलाच्या लग्नाचं तर विचारूच नका. किरणसाठी मुलगी बघायला खारघरला गेले होते. मुलीचं घर अकराव्या मजल्यावर. काका गरगरत का होईना, किरणबरोबर वर पोचले, पोहे समोर आले, आणि बाईंचा पत्ता नाही. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाची आई रुसून खाली थांबली, नक्की काहीतरी खटकलं. मुलीचे वडील बिचारे समजूत काढायला धावले आणि नेमके त्याच लिफ्टमध्ये शिरले जिच्यात बाई भिंतीला हात लावून उभ्या होत्या. आणि लिफ्ट अडकली, सातव्या आणि आठव्याच्या मधोमध. त्या गृहस्थांना घाम फुटला. बाईंनी त्यांना खाली बसवलं, पर्समधून आवळासुपारी दिली आणि म्हणाल्या, "घाबरू नका. ती जरा विचार करते आहे." लिफ्ट विचार करेपर्यंत दोघांनी मुलांची शिक्षणं, स्वभाव, पथ्यपाणी सगळं बोलून घेतलं. दार उघडलं तेव्हा वडील म्हणाले, मुलगी या घरात दिली. मुलीचं म्हणणं नंतर विचारण्यात आलं. नशीब, तिलाही किरण पसंत होता.

एवढं असलं तरी वेडं म्हणवून घ्यायला कोणाला आवडतं? हसणाऱ्यांबरोबर बाईही हसायच्या, पण जराशा उशिरा. एकदा किरणनं त्यांना संगणकावर दाखवलं की जगात ठिकठिकाणी माणसं लिफ्टची चित्रफीत काढून लोकांना बघायला ठेवतात. मी तेव्हा तिथेच होते. कुठल्याशा थंड देशातला एक माणूस एका जुन्या लिफ्टची बटणं दाखवत होता. भाषा कळत नव्हती. तो एकेका बटणावरून आनंदानं बोट फिरवत होता तेवढं कळत होतं. बाईंनी ते शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजे मी एकटी नाय." आणि थोड्या वेळानं, "याच्या घरचे पण हसत असतील."

मला त्या वेळी त्यांच्याविषयी फार माया वाटली.

आता आपांविषयी सांगायला हवं. जुबेदा आपा सगळ्यात वरच्या, चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मुलगा कतारला. कंबरेचं हाड मोडल्यापासून त्यांचा जिना सुटला होता. वर्ष उलटून गेलं, आपा खाली उतरलेल्या नव्हत्या. बाजारहाट बाल्कनीतून दोरीला पिशवी बांधून चालायचा. कोळीण खाली येऊन हाक मारायची, पिशवी खाली यायची, बाई मासे निवडून घासाघीस करून पिशवीत घालायच्या आणि दोरीला एक हिसका द्यायच्या. बाई त्या पिशवीला 'आपांची लिफ्ट' म्हणत. तिच्यातून त्यांची मैत्रीही वर-खाली व्हायची. बाईंकडून वालाचं बिरडं वर जायचं, आपांकडून ईदेला शीरखुर्मा खाली यायचा. एकदा आपा वरून म्हणाल्या होत्या, "प्रमिला, सगळं खाली जातं ग. मीच तेवढी जात नाही." बाईंनी ते वाक्य मला दोनतीनदा सांगितलं होतं.

म्हणून सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय निघाला तो बाईंनी काढला. जिन्याला लागून बाहेरच्या बाजूनं लिफ्ट बसवता येत होती. अडचण एवढीच की ती बाईंच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीवर येणार होती. त्या खिडकीत बाईंचा कढीपत्ता होता, सकाळचं ऊन होतं. बाई म्हणाल्या, जाऊ दे खिडकी.

सभा खाली आवारात, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. सेक्रेटरी सावंत, पहिल्या मजल्यावरचे. माणूस वाईट नाही, पण खर्चाचं नाव काढलं की त्यांना बिल्डिंगच्या पायाची काळजी वाटू लागायची. आणि नेमक्या आपा सभेला नव्हत्या, कारण सभा खाली होती. त्या वर बाल्कनीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

बाई उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या, आणि पाचव्या मिनिटाला मला कळून चुकलं की काम बिघडलं. त्या लिफ्टच्या वजनाविषयी बोलल्या, दोराविषयी बोलल्या, जाळीचं दार बरं की पत्र्याचं ते बोलल्या. डोळे चमकायला लागले. त्या जितकं छान समजावत होत्या तितके लोक एकमेकांकडे बघून हसत होते. आपांचं दुखणं बाजूला राहिलं आणि सभेसमोर उरला तो घरत बाईंचा नाद.

"बाई," सावंत म्हणाले, "तुमच्या हौसेसाठी आम्ही बिल्डिंग फोडायची का?"

मागून कोणीतरी म्हणालं, "लिफ्ट झाली तर बाईच दिवसभर आत बसतील. आपांना जागा मिळायची नाही." मोठा हशा झाला.

बाई या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी एकदा वर बघितलं. चौथ्या मजल्यावर आपांची ओढणी कठड्यावर तशीच होती.

"मी बसणार नाय," त्या म्हणाल्या.

"काय?" सावंतांना नीट कळलं नाही.

"तुमी लिफ्ट बांधा. मी तिच्यात पाय ठेवणार नाय. माणसं काशीला जाऊन आवडती वस्तू सोडून येतात ना? मी हितंच सोडली. आता तर माजी हौस नाय ना त्याच्यात? आता आपांचं बगा."

कोणी हसलं नाही. काकांनी हातातला पेपर घडी करून मांडीवर ठेवला, कारण त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं की बाई बोलल्या म्हणजे झालं. मी हात वर केला. मग एकेक हात वर गेला, आणि शेवटी इकडेतिकडे बघत सावंतांचाही गेला. तेवढ्यात बाल्कनीतून दोरी सुटली. पिशवी हळूहळू खाली आली, तिच्यात कतारचे खजूर होते. ते सगळ्यांना वाटले, सावंतांनी दोन घेतले.

लिफ्टचं काम चाललं होतं तेव्हा बाई आवारात खुर्ची टाकून बसायच्या. कामगारांना चहा त्यांच्याकडून. खिडकी विटांनी बंद झाली त्या दिवशी त्यांनी कढीपत्त्याची कुंडी पुढच्या दाराशी आणली, स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि पोळ्या केल्या. उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे झाले, पहिल्या फेरीत सगळी पोरं कोंबून वर गेली. दुसऱ्या फेरीत आपा खाली आल्या. त्यांनी जमिनीवर पाय ठेवला, चपलेखाली खडे वाजले, आणि त्या तिथेच उभ्या राहून रडल्या. बाईंनी त्यांचा हात धरला. "चला, मासळी बाजारात जाऊ. माज्या निवडीला फार नावं ठेवली तुमी." दोघी रिक्षातून गेल्या.

आणि बाईंनी शब्द पाळला. दाराबाहेर चार पावलांवर लिफ्ट, पण पाय ठेवला नाही. माझ्याकडे यायचं तर दोन मजले जिन्यानं यायच्या. बाहेर मात्र नाद चालूच होता. नवी लिफ्ट बघायला उलव्यापर्यंत जातील, पण घरच्या लिफ्टला फक्त भिंतीच्या अलीकडून ऐकतील. पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "सावंत चाललेत." मी विचारलं, कशावरून? "बटण दोनदा दाबलं." पहिल्या मजल्यावर जायला लिफ्ट कशाला, असं विचारणारे सावंत आता त्याच मजल्यासाठी लिफ्टची वाट बघत उभे राहायचे. बाईंनी त्याचा कधी उल्लेख केला नाही. तो आम्ही इतर लोक पुरेसा करत होतो. शेवटी सावंतच एकदा ओशाळून म्हणाले, "बाई, पुरे झालं आता. बसा. सोसायटीतर्फे सांगतो." बाई म्हणाल्या, "काशीत सोडलेलं वांगं पनवेलला येऊन खायचं का?"

दोरीची पिशवी बंद झाली, पण देवघेव थांबली नाही. लिफ्टमध्ये एक लाकडी स्टूल ठेवलेलं होतं. बाई दाराबाहेर उभ्या राहूनच हात लांब करून त्यावर डबा ठेवायच्या, दोन्ही जाळ्या ओढून घ्यायच्या आणि जिन्यातून हाक मारायच्या, "आपा, दाबा." आपा वरून बटण दाबायच्या, एकदाच. डबा एकटाच वर जायचा आणि बाई मान वर करून तो दिसेनासा होईपर्यंत बघायच्या. नवीन भाडेकरूंना यात कोण शहाणं आणि कोण वेडं, ते कळायचं नाही.

किरणला मुलगी झाली आणि त्यानं आईवडिलांना उलव्याला बोलावलं. चौदावा मजला. नातीसाठी काका खिडकीकडे पाठ करून राहायलाही तयार झाले. मला वाटलं, बाईंना स्वर्ग मिळाला. पण त्या खुश नव्हत्या. "वर राहिलं की ग, मीना, लिफ्टची सवय होते. सवय झाली की ती ऐकू येत नाय."

निघायच्या दिवशी टेम्पो आवारात लागला. कपाट, कॉट, कढीपत्त्याची कुंडी चढली. काका पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. आम्ही सगळे खाली जमलो होतो. बाईंनी सकाळीच जिना चढून आपांचा निरोप घेतला होता. गुडघे दुखत होते, तरी जिन्यानंच. आता त्यांनी शेवटचा डबा स्टुलावर ठेवला, जाळ्या ओढल्या आणि हाक मारली, "आपा, दाबा."

लिफ्ट वर गेली. बाई बघत राहिल्या. मग लगेचच ती खाली यायला लागली. आत स्टुलावर डबा मांडीवर घेऊन आपा बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही जाळ्या सरकवल्या, एक पाय उंबऱ्यावर ठेवला आणि तिथेच बसून राहिल्या.

"प्रमिला, आत ये."

"आपा, नको. सोडलंय मी."

"माझ्यासाठी सोडलंस ना? मग माझ्याबरोबर बस."

"नाय आपा."

आपांनी पाय काढला नाही. आणि लिफ्ट बोलायला लागली. दार उघडं राहिलं की तिच्यातली ती हिंदी बाई सुरू व्हायची, "कृपया दरवाजा बंद कीजिए." एकदा म्हणाली, पुन्हा म्हणाली, थांबेचना. वरून कोणीतरी ओरडलं, लिफ्ट सोडा. बाईंचा जीव कासावीस झालेला दिसत होता. लिफ्ट अडवून धरलेली त्यांना कधी बघवली नव्हती.

"पाय काढा, आपा. तिला अडवू नका."

"तू आत ये, मी काढते," आपा म्हणाल्या. "मला घाई नाही. मी वर्षभर बसून होते."

"कृपया दरवाजा बंद कीजिए," लिफ्ट म्हणाली.

बाईंनी सावंतांकडे बघितलं. सावंत दुसरीकडे बघू लागले. मग बाईंनी पर्स खांद्यावर नीट केली, सँडल बाहेरच्या पायपुसण्यावर पुसल्या आणि आत पाय ठेवला. दोन्ही जाळ्या स्वतःच्या हातानं ओढल्या. बटण एकदा दाबलं. लिफ्ट गप्प झाली.

जाळीतून मला दिसली ती त्यांची पाठ. तोंड भिंतीकडे, तळवा भिंतीला टेकवलेला. भिंतीपलीकडे त्यांचं रिकामं स्वयंपाकघर होतं. मग पाठ वर गेली, साडीचा काठ वर गेला, शेवटी त्या रबरी सँडल वर गेल्या. लिफ्ट चौथ्यावर थांबली, खाली आली, उघडली नाही आणि पुन्हा वर गेली.

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. "अजून किती वेळ लागेल?"

सावंत त्याच्यापाशी गेले. "तुम्ही चहा घ्या," ते म्हणाले, "आमच्या घरत बाई लिफ्ट बघायला गेल्यात."